ताडपत्रीला अस्तर

१

गोदामातून ते मशीन दुकानात आणलं तेव्हा ते आतून पार दगड झालं होतं. चाक फिरत नव्हतं, सुईचा दांडा जागचा हलत नव्हता, आतल्या तेलाचा वाळून डिंक झाला होता. पण काळ्या अंगावरची सोनेरी वेलबुट्टी शाबूत होती, पायट्याच्या लोखंडी जाळीला कुठे तडा नव्हता, आणि असं वजनदार मशीन आता कुणी बनवत नाही. जुन्या सामानाचा व्यापारी म्हणाला, "बाई, भंगार आहे हे, कशाला घेताय?"

"माझ्याबद्दल माझा नवराही हेच म्हणायचा," मी म्हटलं. तो हसला आणि टेम्पोत चढवायला हात दिला.

मी शिलाई मशीन दुरुस्त करते. एकतीस वर्षं झाली. अजूनही नवीन गिऱ्हाईक दुकानात डोकावून "मिस्त्री कुठे गेले?" असं विचारतं, आणि मी हातातला पाना वर करून दाखवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागले. आधी कापड दाबून धरणारा फूट काढला. तो नेहमीसारखा दोन पायांचा नव्हता, एका बाजूचा अर्धाच होता. तो रॉकेलच्या डब्यात टाकला. मग सुई काढली. अठरा नंबरची. घरातल्या शिवणाला अकरा नाहीतर चौदा नंबर लागतो; अठरा म्हणजे जाडजूड कापडाचं काम. शेवटी सुईखालची पट्टी उघडली. या पट्टीखाली शिवलेल्या प्रत्येक कापडाचा कीस साचत जातो, थरावर थर. काय काय शिवलं ते मला त्यावरून कळतं. खालचे थर पांढरे, फिकट निळे, पिवळे होते, म्हणजे लहान मुलांचे कपडे. सगळ्यात वर मात्र हिरवा, राठ, मेणचट कीस होता. त्यात गुंतलेले थोडे गुलाबी तंतू, सुईचं मोडकं टोक आणि पितळेचा बारीक कण.

एका हातातल्या चिमट्यात थोडा हिरवा कीस धरून मी दुसऱ्या हाताने फडकं उचललं, तेवढ्यात दारातून कुणीतरी ओरडलं, "थांबा! पुसू नका ते!"

पंचविशीच्या पुढची मुलगी होती. अंगात दवाखान्यातला पांढरा कोट, धावत आल्यामुळे धाप लागलेली.

"हे माझ्या आईचं मशीन आहे," ती म्हणाली. "माझ्या वडिलांनी तिला मारलं आणि ताडपत्रीत शिवून कुठेतरी नेऊन टाकलं. आत हिरवं काही सापडलं का तुम्हाला?"

मी माझ्या हातातल्या चिमट्याकडे बघितलं.

२

तिला बसवलं, पाणी दिलं. दातांच्या दवाखान्यात ती मदतनीस होती. मशीन विकल्याचं कालच तिच्या कानावर आलं होतं. गोदामात जाऊन, पत्ता काढून ती कामावरून तशीच आली होती.

"मी तेरा वर्षांची होते," ती म्हणाली. "शाळेचं तीन दिवसांचं शिबिर होतं. परत आले तर आई नाही. कोपऱ्यात हिरवी कात्रणं पडलेली, आणि बाबा मोरीत बादलीत काहीतरी जाळत होते. आई कुठाय विचारलं, तर म्हणाले, 'गेली.' कुठे गेली? 'माहीत नाही.' एवढंच. चौदा वर्षं एवढंच."

वडिलांचं ताडपत्रीचं दुकान होतं. मालावर, ट्रकवर घालायची आच्छादनं ते शिवून देत. शेजारणीने तिला पोलीस चौकीत नेलं आणि या मुलीनेच कात्रणांचं, बादलीचं सगळं सांगितलं. दुकानामागची जमीन खणली. काही निघालं नाही, म्हणून पोलिसांनी त्यांना सोडलं. गल्लीने मात्र सोडलं नाही. दुकानावर गिऱ्हाईक फिरकेनासं झालं. मुलगी वसतिगृहात राहिली. अठराव्या वर्षी ती एकदा त्यांच्या दुकानात गेली आणि चार माणसांसमोर त्यांना खुनी म्हणाली. त्यानंतर भेट नाही. सहा महिन्यांपूर्वी ते वारले, तेव्हाही ती गेली नाही.

"आई मला सोडून जाईल हे शक्यच नाही, मावशी. तुम्ही बघितलं नाही तिला. माझा एकेक फ्रॉक ती दोनदोन दिवस शिवायची." तिने कोटाची गळ्याजवळची गुंडी घट्ट धरली. "हिरवं सापडलंय असं तुम्ही मला लिहून द्या. बाकी मी बघते."

"आधी मला मशीन पुरतं बघू दे," मी म्हटलं. "अर्धवट उघडून मी कधी कुणाला काही लिहून देत नाही."

मशीन विकलं होतं तिच्या आत्याने. मी दुपारी तिच्याकडे गेले. सत्तरीची बाई, भावाच्या रिकाम्या खोलीत खोक्यांना दोऱ्या बांधत बसली होती.

"भाचीने पाठवलं ना तुम्हाला?" ती वर न बघताच म्हणाली. "जिवंत होता तोवर खाल्लात त्याला. मेल्यावर तरी पाठ सोडा."

"मला फक्त मशीनचं विचारायचंय. इतकी वर्षं बंद का ठेवलं होतं?"

"हात लावू देत नव्हता कुणाला. वर चादर, चादरीवर खोकी." तिने दोरीची गाठ ओढली. "मला म्हणाला होता, मी गेलो की हातोड्याने फोड, विकू नकोस. माझा हात धजला नाही. चांगली वस्तू."

"फोड म्हणाले? का?"

आत्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मग उठून तिने दार उघडून धरलं. मला जायला सांगायची तिची हीच पद्धत असावी.

परत येताना माझंही मत भाचीच्या बाजूने झुकत चाललं होतं. निर्दोष माणूस मशीन फोडायला कशाला सांगेल?

३

मशीनला माझ्या डोक्यातल्या गोष्टीशी देणंघेणं नसतं. दोन दिवस मी त्याला रॉकेल पाजत होते. ब्रशने घासायचं, थांबायचं, चाक केसभर हलवून बघायचं. तिसऱ्या सकाळी चाक करकरलं आणि अर्धं फिरलं. मग डब्यातले सुटे भाग पुसायला घेतले आणि तो अर्धा फूट हातात आला.

एकतीस वर्षं हे काम करते आणि दोन दिवस माझ्या लक्षात आलं नव्हतं. एका बाजूचा फूट एकाच कामाला लागतो, चेन लावायला. चेनच्या दातांवर नेहमीचा फूट चढतो, म्हणून हा. तरीही कधीकधी सुई दातावर आपटते आणि मोडते. मोडकं टोक मला सापडलंच होतं. पितळेचा कण मी भिंगाखाली धरला. चेनचाच दात होता, कडेने तुटलेला.

प्रेताच्या गाठोड्याला चेन कोण लावेल?

आणखी एक होतं. ताडपत्री शिवणाऱ्या माणसाचं दुकान दाभणांनी, जाड दोऱ्यांनी भरलेलं असणार. बाळांची झबली शिवायच्या मशीनवर तो घरी येऊन हात कशाला मोडून घेईल?

ताडपत्रीच्या दुकानासमोर एक शर्टवाले मास्तर बसतात, तेव्हाही बसायचे. आई त्यांच्याकडून काजं-बटणांचं काम घरी न्यायची, असं मुलीने सांगितलं होतं. ती जरा थांबून असंही म्हणाली होती, की मास्तर आईशी फार गोड बोलायचे. वडिलांच्या खालोखाल तिचा संशय त्यांच्यावर होता.

मास्तर इस्त्री करत होते. मी ओळख सांगितली, मशीनचं सांगितलं आणि म्हटलं, "शेवटच्या आठवड्यात तिने तुमच्याकडून काही नेलं होतं का, मास्तर?"

"मी काय सांगणार? किती वर्षं झाली. पोरंबाळं आहेत मला, बाई."

"तुमच्या पोराबाळांचं मी काही विचारलेलं नाही. चेन नेली होती का?"

इस्त्री शर्टाच्या कॉलरवर तशीच राहिली. जळका वास आला तेव्हा त्यांनी ती दचकून उचलली. कॉलरवर तपकिरी डाग पडला होता.

"पितळी," ते हळूच म्हणाले. "हातभर लांब. आणि रुंद पट्टी, खांद्याला लावतात तसली. सगळं उरलेलं काम तिने त्या आठवड्यात वेळेआधी आणून दिलं. माझी कात्रीसुद्धा परत केली. मी म्हटलं, अहो, राहू द्या, परवा लागेलच. तर हसली."

"पोलिसांना सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, यानेच पळवली. माझी बायको तेव्हा बाळंतपणाला माहेरी होती."

"चेन कुणाच्या कामाला, म्हणाली?"

मास्तरांनी रस्त्यापलीकडे बंद दुकानाच्या फळ्यांकडे बघितलं.

"माझ्याच, म्हणाली. बाकीचं मी विचारलं नाही."

४

मशीनच्या टेबलाला दोन खण होते. डावा रिकामा. उजवा कशाने तरी घट्ट बसला होता, व्यापाऱ्यालाही उघडता आला नव्हता. मी पटाशीने कड मोकळी केली आणि खण बाहेर ओढला. आत बॉबिनी, खडू आणि घडी करून ठेवलेला तळहाताएवढा तुकडा होता. हिरवी ताडपत्री, मागे गुलाबी फुलाफुलांचं सुती कापड. वर चार टिपा. पहिली सैल, दुसरी गोळा झालेली, तिसरी बरी, चौथी सरळ रेषेत. नवं कापड मशीनवर घेतलं की कसलेली शिवणारी आधी अशी टीप मारून बघते.

मी मुलीला निरोप पाठवला, येताना आईने शिवलेलं काहीही घेऊन ये. संध्याकाळी ती एक पिवळा फ्रॉक घेऊन आली. कागदात गुंडाळून, वर्तमानपत्राच्या घडीत. चौदा वर्षं जपलेला.

"या मशीनला उलटी टीप नाही," मी तिला दाखवलं. "टीप संपली की दोरा उसवू नये म्हणून कापड फिरवून दोन टाके मागे घ्यायचे. प्रत्येकाची पद्धत वेगळी. तुझी आई कापड डावीकडे फिरवायची, तीन टाके मागे घ्यायची आणि चौथा तिरका सोडायची. हे बघ, फ्रॉकच्या कमरेला. बाहीला. घेराला."

तिने बघितलं. मग मी तुकडा समोर ठेवला. हिरव्या बाजूला चारही टिपांच्या शेवटी तीन टाके मागे आणि चौथा तिरका.

"ताडपत्री वडिलांनी शिवलेली नाही," मी म्हटलं. "आईने शिवली. चेन लावून, अस्तर लावून, खांद्याला पट्टे लावून. चेन आणि पट्टे तिने मास्तरांकडून नेले होते. तिने बॅग शिवली, बाळ. मोठी, प्रवासाची. अस्तराचा कीस हिरव्यात मिसळलेला आहे, म्हणजे दोन्ही एकदमच शिवलंय. त्यानंतर या मशीनवर काहीच शिवलं गेलं नाही. सुई बदलली नाही, फूट बदलला नाही. पुढचं काम तिला करायचंच नव्हतं. आणि ती बॅग घरात कधी कुणाला सापडली नाही."

तिने तुकडा उलटा केला. गुलाबी फुलांवरून अंगठा फिरवला आणि तो तिथेच थांबला.

"हे कापड मी बघितलंय," ती म्हणाली. "शिबिराच्या आधी. आई म्हणाली, गिऱ्हाइकाचं पांघरूण आहे, जड आहे, जरा धर. मला वरची फुलंच दिसत होती." तिने तुकडा दोन्ही हातांनी धरून दाखवला. "तिने टीप मारली तेव्हा दुसरं टोक मी धरलं होतं, मावशी."

मी फ्रॉकची घडी केली. रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली.

मग ती एकदम ताठ झाली. "ठीक आहे. शिवली बॅग. जायची तयारी केली. निघताना बाबांनी पकडलं असेल! तेव्हाच मारलं असेल. यावर काय म्हणणं आहे तुमचं?"

ती घरातून जिवंत बाहेर पडली की नाही, हे मशीनवरून सांगता येत नाही.

५

मी आत्याला दुकानात बोलावलं. भाचीही असेल, हे सांगितलं नाही. दोघींनी नऊ वर्षांत एकमेकींचं तोंड बघितलं नव्हतं. आत्या उंबऱ्यातच थबकली, पण परत फिरली नाही.

तुकडा मी आधीच एप्रनच्या खिशात टाकला होता.

"आत्याबाई, तिने जाण्याआधी ताडपत्रीची बॅग शिवली, एवढं आम्हाला कळलंय," मी म्हटलं. "पुढचं तुम्हाला माहीत आहे, असं मला वाटतं."

आत्या स्टुलावर बसली. मग भाचीकडे न बघता बोलायला लागली.

"चिठ्ठी ठेवून गेली ती. मी वाचली. मला इथे जीव नकोसा झालाय, पोरीलाही नेणार नाही, मला एकटीला राहायचंय. असं. त्याने ती बादलीत जाळली. मी म्हटलं, अरे, लोक तुला फासावर चढवतील. तर म्हणाला, आई मेली म्हणून पोर रडेल आणि मोठी होईल. आईला तू नको होतीस, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू?"

"खोटं," मुलगी म्हणाली.

"चार वर्षांनी मला दिसली. दुसऱ्या गावी, बस स्टँडवर. तीच बॅग खांद्याला. मी हात धरला तिचा. म्हटलं, पोरीचं काय गं? तर म्हणाली, तिचे वडील आहेत ना."

"खोटं बोलताय! भावाला वाचवताय. बॅगेचं आत्ता ऐकलंत आणि लगेच दिसली म्हणताय!"

मी मध्ये पडले. "आत्याबाई, बॅग नीट आठवते?"

"न आठवायला काय झालं? हिरवी होती. मला रडू फुटलं, तेव्हा तिने चेन ओढून आतला रुमाल काढून दिला."

"आतून कशी होती?"

"आतून?" आत्याने कपाळाला आठ्या घातल्या. "अस्तर होतं. गुलाबी. बारीक फुलं. मला तेव्हा मनात आलंसुद्धा, बाईने पळून जायच्या बॅगेलाही निगुतीने अस्तर लावलं."

मी खिशातून तुकडा काढून टेबलावर ठेवला, फुलं वर करून. आत्याने तो आयुष्यात पहिल्यांदाच बघितला, हे तिच्या चेहऱ्यावरून कुणालाही कळलं असतं.

मुलगी खाली बसली, जमिनीवरच, मशीनच्या पायट्याला टेकून. तिने विचारलं, "मी त्यांना दुकानात खुनी म्हणाले. त्या दिवशी ते काय म्हणाले, आत्या?"

"घरी आला. म्हणाला, पोरीचा आवाज आईवर गेलाय. मग जेवला."

"मशीन का फोडायला सांगितलं?"

"खणात तिच्या हातचं काहीतरी राहिलंय, एवढंच म्हणाला होता. ते त्याला जाळवलं नाही, म्हणून खणच ठोकून बसवला. तुला कधीतरी कळेल, याची त्याला भीती होती."

मला वाटलं होतं, आता ती रडेल. ती नुसतीच बघत बसली, माझ्या हातांकडे. त्या हातांवर चौदा वर्षांचं तेल होतं. मी ते फडक्याला पुसले, पण डाग निघाले नाहीत. ती माझ्याकडे पुरावा मागायला आली होती आणि मी तिच्याकडून आईही काढून घेतली होती, बापही.

६

मशीन आठ दिवसांत पुरं झालं. नवा पट्टा घातला, सोनेरी वेलीवरून मेणाचा हात फिरवला, टीप बिनआवाज पडायला लागली. मी तिला कळवलं. ती आली, मशीनकडे बघितलंही नाही.

"माझ्यासोबत गल्लीत येता का?" ती म्हणाली. "माझं एकटीचं ऐकणार नाहीत. तुम्ही कीस, चेन, अस्तर, सगळं नीट समजावून सांगा. बाबांनी काही केलं नव्हतं, हे त्यांना कळू दे."

आधी मास्तरांकडे गेलो. त्यांनी हात जोडले. "बाई, तुमच्याशी बोललो ते तुमच्यापाशी. चारचौघांत मी चेनबिन काही दिलेली नाही." आत्या यायला तयार नव्हती. म्हणाली, भावाला दिलेला शब्द एकदा मोडला तेवढा पुरे. चिठ्ठी जळलेली. मास्तर गप्प. उरला एक तुकडा आणि एक फ्रॉक.

पहिल्याच दारात ती शेजारीण राहत होती, जिने तिला चौकीत नेलं होतं. आता म्हातारी झालेली. तिने आम्हाला बसवलं, पाणी दिलं, तुकडा हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितला. मी टाक्यांचं सांगितलं, अस्तराचं सांगितलं. ती मान डोलवत राहिली. शेवटी तिने मुलीच्या गालावरून हात फिरवला. "बरं झालं सांगितलंस हो."

दार लागलं. आम्ही दोन पायऱ्याही उतरलो नव्हतो, तोच आतून तिचा आवाज आला, सुनेशी बोलताना. "बाप मेल्यावर माया आलीय बिचारीला. मेलेल्याला धुवून काढतेय."

मुलीने ऐकलं. तिने तुकड्याची घडी केली, कोटाच्या खिशात ठेवली.

"चल, घरी जाऊ," मी म्हटलं. "कुणी ऐकणार नाही, बाळ. चौदा वर्षं हेच बोलत आलेत ते."

"त्यांना मीच सांगितलं होतं ना," ती म्हणाली आणि पुढच्या दाराशी जाऊन तिने कडी वाजवली.

आत रेडिओ चालू होता. तो बंद झाला. खिडकीचा पडदा हलला. मी खाली रस्त्यात उभी राहून वाट बघितली, पण दार काही उघडलं नाही. तिने पुन्हा कडी वाजवली.